नापास दाय

पहिल्याच दिवशी काकाजींनी माझ्याकडे कान मागितला.

"भिऊ नोका, बाई. कान द्या."

मला नोकरीवर रुजू होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. समोर सत्तरीचे गृहस्थ, अंगात पांढरा सदरा, त्यावर डाळीची पिवळी पूड आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. शिवाय ते माझे साहेब. मी भीत भीत मान वाकडी केली. काकाजींनी तुरीचा एक दाणा दाढेखाली धरला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि कट्‌कन फोडला.

"काय म्हनला?"

"कोण?"

"दाना. दुसरं कोन?"

दाणा मला काहीच म्हणाला नव्हता. काकाजींना माझी कीव आली असावी. "मी ओला हावो म्हनते थो. अजून दोन दिवसाचं ऊन पाह्यजे त्याले." मग ते दारात उभ्या असलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडे वळले आणि त्याच्याकडेही कान मागितला. त्यानं दिला नाही. तो अकोल्याचाच होता, त्याला सवय होती.

मी अमरावतीची. अन्नतंत्रज्ञान शिकलेली. घरच्यांच्या मते अशा मुलीनं पुण्याला नोकरी धरायची असते. मी धरली ती अकोल्याच्या एमआयडीसीत. तिथं साठेक डाळमिल एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि त्या सगळ्यांनी मिळून, सरकारी योजनेतून, एक सामायिक केंद्र काढायचं ठरवलं होतं. केंद्र म्हणजे त्या वेळी एक खोली, ओलावा मोजायचं एक यंत्र, एक प्रेशर कुकर आणि एक पांढरा कोट. कोट मला जरा मोठा होता. तो घातलेला पाहून काकाजींनी माझं नाव 'डाक्टरीनबाई' ठेवलं, आणि त्या दिवसापासून कुणाचं पोतं तपासायला आलं की ते खिडकीतून ओरडायचे, "डाक्टरीनबाई, पेशंट आला!"

त्यांची स्वतःची मिल केंद्राच्या भिंतीला लागूनच होती. संघटनेचे अध्यक्षही तेच. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले मालकसुद्धा त्यांना काकाजीच म्हणत. पाठीमागे मात्र सगळे 'बह्याड', म्हणजे खुळा, म्हणत, आणि हे काकाजींना पक्कं ठाऊक होतं. एकदा मी संकोचत तो विषय काढला तर ते खूश झाले. "चांगलंच हाय की. बह्याड मानसासमोर लोक खरं बोलते. शहान्यासमोर कोन बोलते, सांगा?"

त्यांच्या तोंडी डाळीची नेहमी 'दाय' व्हायची. जुन्या वऱ्हाडी माणसाच्या बोलण्यात ळ टिकत नाही, त्याचा य होतो. काकाजी मॅट्रिक होते, कलेक्टरसमोर शुद्धही बोलून दाखवायचे, पण 'दाय' कधी सोडली नाही. म्हणायचे, "दाळ म्हनलं की दुकानातली वाटते. दाय म्हनलं की चुलीवरची."

त्या दोन घड्याळांचं कोडं मला आठवड्यानं सुटलं. डाव्या हातावर अकोल्याची वेळ. उजव्या हातावर आफ्रिकेची. मोझांबिकची तूर जहाजानं बंदरावर उतरायला लागल्यापासून त्यांनी ते दुसरं घड्याळ बांधलं होतं. कुणाच्याही मिलवर साडेदहाला चहा चाललेला दिसला की काकाजी उजवं मनगट वर करून दाखवायचे. "तथी आत्ता सात वाजले. तिकडचा मानूस वावरात चालला. तुमचा चाय कवा सरते मंग?" समोरचा म्हणायचा, काकाजी, तो सातला निघतो तसे आम्ही नऊला आलो की! त्यावर काकाजी म्हणायचे, "थे मले मालूम हाय. पन चाय त थंडा झाला ना तुमचा?" एवढं बोलून स्कूटर पुढे. स्कूटरचा हॉर्न कित्येक वर्षं बंद होता. ते स्वतःच "बाजू! बाजू!" असं ओरडत जायचे.

ओलावा मोजायचं माझं यंत्र आणि काकाजींची दाढ यांचा सामना पहिल्याच महिन्यात झाला. चार मालक बघायला जमले होते. मी यंत्रात तूर भरायची, आकडा बघून कागदावर लिहायचा आणि कागद उलटा ठेवायचा. मग काकाजींनी दाणा फोडून आकडा सांगायचा. पाचही वेळा बरोबर! एकदा तर दशांशासकट. मालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला माझ्या चार वर्षांच्या पदवीची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी केंद्राचा शिपाई हसत हसत म्हणाला, "म्याडम, थेच नमुने काकाजीनं काल सकाई माह्याकडून यंत्रात मोजून घेतल्ते."

मी तावातावानं त्यांच्याकडे गेले. काकाजी मुळीच ओशाळले नाहीत. "दाढ खरंच सांगते, बाई. फक्त पॉइंटाच्या पुढचं तिले येत नाई. म्हनून इचारून घेतलं. दोन साक्षी असल्या त वाईट काय?" मग हळूच म्हणाले, "अन् पाह्यलं का, चार मालक तुमच्या खोलीत पयल्यांदा पाय ठेवून गेले. यंत्र पाहाले कोनी आलं नसतं. बह्याडाले पाहाले आले."

खरंच, तोपर्यंत त्या खोलीत कुणी फिरकलं नव्हतं. अकोल्याच्या डाळमिलवाल्यांचं आपसातलं नातं मला समजायला वेळ लागला. पिढ्यान् पिढ्या एकाच रस्त्यावर, एकमेकांच्या लग्नात पंगतीला, पण तुरीला तेल किती लावायचं, पाण्यात किती वेळ ठेवायची, किती उन्हं द्यायची, हे सख्ख्या भावालाही सांगायचे नाहीत. संघटनेच्या सभेत दोन माणसांमध्ये एक खुर्ची रिकामी असायची. समोरच्याच्या फाटकातून किती ट्रक आत गेले हे मोजायला प्रत्येकानं चौकीदार नेमला होता, आणि चौकीदार एकमेकांना आकडे विचारून वेळ वाचवत होते. काकाजी मात्र उघड हेरगिरी करायचे. जेवणाचा डबा घेऊन सरळ दुसऱ्याच्या मिलमध्ये जाऊन बसायचे, आणि भाकरी खाता खाता विचारायचे, "काहून गा, आज तेल जास्त झालं वाट्टे?"

दरम्यान बंदराजवळ मोठमोठ्या नव्या मिल उभ्या राहत होत्या. परदेशी तूर जहाजातून उतरली की तिथंच तिची डाळ व्हायची. एकसारखी, चकचकीत, आणि आमच्याहून स्वस्त. आमच्या रस्त्यावरच्या एकेका फाटकाला कुलूप लागायला लागलं. चौकीदारांना मोजायला ट्रक उरेनात. तरी कुणी सामायिक केंद्रात यायला तयार नव्हतं. रंग पाहून डाळ निवडणारं कॅमेऱ्याचं मशीन सगळ्यांनी मिळून आणायचं, सगळ्यांच्या डाळीची एकच प्रत ठरवायची आणि एकाच नावाच्या पोत्यात भरून विकायची, असा काकाजींचा बेत. सभेत प्रत्येक जण म्हणायचा, कल्पना फार चांगली आहे. आणि सही न करता घरी जायचा.

थंडीत काकाजींनी सगळ्यांना रोडग्यांचं आवतण दिलं. मिलमागच्या ओट्यावर, जिथं एरवी तूर वाळत पडायची, गोवऱ्यांचा विस्तव झाला, रोडगे त्यात भाजले, वांग्याची भाजी झाली. आणि वरणाची सहा पातेली, वऱ्हाडीत गंज, काकाजींच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ओळीनं मांडली. प्रत्येकावर खडूनं नंबर. वरणात फक्त मीठ आणि हळद. रस्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या चार मालकांनी आपापली डाळ आधी पाठवली होती, पाचवी काकाजींची. सहावी डाळ कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

"चाखा," काकाजी म्हणाले, "अन् आपापली दाय वयखा. बाप पोराले वयखते तशी."

चौघांनी मोठ्या थाटात चाखलं. तिघांनी, एकामागून एक, चौथ्या नंबरवर बोट ठेवलं. एक जण तर म्हणाला, "हिचा सुगंधच सांगते, आपल्याकडचीच." काकाजींच्या समोरच्या मिलचे शेठजी अनुभवी. त्यांनी सहाही गंज दोन-दोनदा चाखले, डोळे मिटले आणि शेवटी तीन नंबर आपली म्हणून सांगितली.

"तीन नंबर माही हाय, शेठजी," काकाजी म्हणाले. "गोड मानून घ्या. अन् चौथा गंज..." ते थांबले. इतके थांबले की काकूंनी हातातला डाव आपटला. "सांगा ना आता! लोकं भुकेले बसले."

"चौथा गंज आफ्रिकेचा हाय."

ओट्यावर जो गलका झाला तो मी आजही विसरलेले नाही. कुणी म्हणालं ही फसवणूक आहे, कुणी म्हणालं काकूंनी गंज बदलले. काकाजी मजेत रोडगा कुस्करत होते. गलका ओसरल्यावर म्हणाले, "चवीत आपली दाय कमी नाई. हिनं डोये बांधून साहाच्या साही वयखल्या. इचारा." काकूंनी मान हलवली. "तुमची जीभ बसली, कारन तुमी सोताची दायच खात नाई, नुसती इकता. पन थे जाऊ द्या. आपल्या दायीत खोट काय हाय? या पोत्यात एक, दुसऱ्या पोत्यात दुसरी. तिकडची हजार पोते उघडा, एकसारखी. दुबईचा व्यापारी चाखून पाहात नाई, बावा. थो भरोसा इकत घेते."

त्या रात्रीच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या. एकीनं नाही, रागानं झाल्या. शेठजींनी तर पेन इतकं दाबलं की कागद फाटला. काकाजी मला म्हणाले, "एकीची वाट पाहात बसलो असतो त म्हातारा झालो असतो." ते तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

मशीन चीनहून लाकडी पेटाऱ्यातून आलं. कंपनीचा माणूस दोन दिवसांत ते लावून गेला. वरून डाळ पडायची, कॅमेरा पाहायचा, वाईट दाणा दिसला की हवेचा फवारा फुस्स करून तो बाजूला उडवायचा. पहिल्याच दिवशी मशीननं निम्मी चांगली डाळ उडवून लावली. आमच्या डाळीला तेलाची पिवळी झाक, कुठं काळ्या मातीचा मंद डाग. मशीनला ते सगळं किडकंच वाटायचं.

तोपर्यंत डाळ निवडायचं काम बायांच्या हाती होतं. केंद्रात सामील झालेल्या मिलमधल्या अशा चाळीस जणी. त्यातल्या पंचफुलाबाई काकाजींच्या मिलमध्ये पंचवीस वर्षं सूप घेऊन बसलेल्या. मशीन आलं त्या दिवशी त्या दारात उभं राहून बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "काकाजी, आता आमचं काय?"

काकाजी आपल्या मिलमध्ये जाऊन बसले. दिवसभर ते कुणाच्या मिलवर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीनच्या पडद्यासमोर खुर्ची ठेवली आणि पंचफुलाबाईंना तिच्यावर बसवलं. "ही मशीन चांगली हाय, पन तिले वऱ्हाडी येत नाई. तुमी शिकवा."

चीनमधला कंपनीचा इंजिनीअर व्हिडिओ कॉलवर आला. चष्मा लावलेला, विशीतला मुलगा. मध्ये भाषांतर करणारा मोबाइल. पंचफुलाबाई उडालेला एकेक दाणा उचलून कॅमेऱ्याला दाखवायच्या. "ही किडकी नाई. ही काजयली हाय जराशी. शिजल्यावर जाते." मोबाइल त्याचं काहीतरी करायचा. पलीकडचा मुलगा गंभीर होऊन उलट विचारायचा, आणि मोबाइल सांगायचा, "तुमची डाळ किती दिवसांपासून आजारी आहे?" पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. काकाजी मोबाइलमध्ये तोंड घालून सांगायचे, "बिमार नाई रे बाप्पा! सावयी हाय, सावयी!"

पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी मशीननं किडकी तेवढीच उडवली. तो मुलगा पलीकडून टाळ्या वाजवत होता. पंचफुलाबाईंनी त्याला विचारलं, जेवला का. मोबाइलनं हे मात्र बरोबर सांगितलं असावं, कारण त्यानं लाजून मान हलवली.

पंचफुलाबाई आणि आणखी अकरा जणी केंद्रात राहिल्या. मशीननं उडवलेल्या डाळीतून चांगली वेचायला माणसाचेच डोळे लागतात, म्हणून. बाकीच्या अठ्ठावीस जणींना कामावर ठेवता आलं नाही. काही शेतात निंदणाला गेल्या, काही दुसऱ्या गावी. पुढं संघटनेच्या वर्षपूर्तीला काकाजींना शाल-श्रीफळ दिलं, पाहुण्यांनी भाषणात म्हटलं की यांनी अकोल्याची डाळ वाचवली. काकाजी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "अठ्ठावीस." आणि खाली येऊन बसले. पाहुण्यांना वाटलं, म्हातारा भ्रमला.

बंदरवाल्यांना कशानं हरवायचं, याचं काकाजींचं उत्तर मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मे महिन्यातल्या दुपारी, जेव्हा अकोल्यात कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत, ते ओट्यावर अनवाणी उभे राहून पाय भाजून घ्यायचे आणि खुशीत यायचे. "बंदरावर हवा दमट. दाय वायवाले त्यायले गॅस जाया लागते. आपल्याले हे फुकट. सारं आयात होते, डाक्टरीनबाई. ऊन होत नाई." दुबईच्या व्यापाऱ्याला त्यांनी हेच सांगितलं, आणि तो आला तेव्हा त्यालाही ओट्यावर जोडे काढायला लावले. तो बिचारा नाचतच सावलीत पळाला. पण ऑर्डर देऊन गेला. 'वऱ्हाडची तूर, उन्हात वाळलेली' असं पोत्यावर छापायचं, हीदेखील त्याचीच सूचना.

त्या ऑर्डरच्या तिसऱ्या खेपेला ती गोष्ट घडली.

त्या वर्षी वऱ्हाडात तूर कमी आली होती. तरी सगळ्यांनी मिळून तीन कंटेनर भरायचे होते. प्रत्येक मिलचा नमुना माझ्याकडे नावाऐवजी नंबर लावून यायचा. हा नियम काकाजींनीच केलेला, म्हणजे माझ्या हाताला भीड पडू नये. मी एक नमुना शिजवायला लावला. कुकर उघडला तर अर्धी डाळ विरघळलेली, अर्धी दाताखाली येईल अशी अख्खी. दोन वेगळ्या तुरी मिसळल्या की असं होतं. मी पुन्हा शिजवली, तिसऱ्यांदा शिजवली. तेच. मग वही उघडून नंबर पाहिला.

तो नमुना काकाजींच्या मिलचा होता.

मी नंबर पुन्हा एकदा पडताळून पाहिला. मला नोकरी देणारा हा माणूस. त्या रस्त्यावर माझ्या यंत्राला इज्जत मिळवून देणाराही हाच. शेवटी उठले. काकाजी मिलच्या फाटकात शेवग्याच्या शेंगा निवडून काकूंच्या पिशवीत भरत होते.

"काकाजी, एक लॉट नापास आहे."

"कोनाचा?"

"तुमचा."

त्यांनी हातातली शेंग पिशवीत ठेवली. "वही उघडल्यावर कोनाकोनाले मालूम झालं?"

"फक्त मला."

"मंग जा, अजून दोघायले सांगून या. शेठजीले पयले सांगा, थो गावभर करते." माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते म्हणाले, "माह्या मनावर माहा भरोसा नाई, बाई. संध्याकायपर्यंत मीच म्हनीन का जाऊ द्या, कुकर खराब असन."

मी सांगून आले. मग ते मला घेऊन मिलमध्ये गेले. तिथं नितीन होता, त्यांचा मुलगा. पस्तिशीचा, कामसू, अबोल. रोजची मिल तोच चालवायचा. काकाजी गावभर हिंडायचे ते त्याच्या जिवावर. त्यानं माझ्या हातातली वही पाहिली आणि त्याला कळलं.

"तूर भेटली नाई, बाबा," तो म्हणाला. "कंटेनर अधुरा राहात होता. तुमीच दुबईवाल्याले शब्द देल्ला. चार ठिकानी फिरलो, मंग बाहेरची घेतली थोडी. खायले खराब हाय का ती?"

"नाई. खायले चांगली हाय."

"मंग? बंदरवाले काय करून राहिले? तुमच्या त्या पंगतीत साऱ्यायनं तिलेच चांगली म्हनलं."

"म्हनलं ना. तिचं नाव लिवून इक, कोन नाई म्हनते? पोत्यावर तू वऱ्हाड लिवलं."

"तुमी शब्द देऊन मोकये होता," नितीन एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "निभवा मले लागते. बापाचं नाव जाऊ नये म्हनून केलं म्या हे."

काकाजी स्टुलावर बसले. "हे खरं बोलला तू," ते म्हणाले. "शब्द म्या जास्तीचा देल्ला. तेवढी चूक माही." आणि उठता उठता, "पन बाकीची तुही."

लॉट बाहेर काढला. काकाजींच्या मिलची डाळ वर्षभरासाठी सामायिक पोत्यातून बाद झाली; तो ठराव त्यांनी स्वतः मांडला, आणि कुणी अनुमोदन देईना म्हणून शेठजींकडे इतकं रोखून पाहिलं की शेठजींना हात वर करावाच लागला. कंटेनरमधली तूट भरायला शेठजींनीच आपली डाळ दिली. देताना एवढंच म्हणाले, "काकाजी, आज आप फेल, हम पास." काकाजींनी त्यांना वाकून नमस्कार केला. शेठजींचा पास होण्याचा सगळा आनंद त्या नमस्कारानं गेला.

उरली ती नापास डाळ. काकाजींनी ती व्यापाऱ्याला विकली नाही. रस्त्यालगत, मिलच्या फाटकाबाहेर टेबल मांडलं. पेंटरकडून पाटी करून आणली: 'नापास दाय मिळेल'. पेंटरनं आधी 'दाळ' लिहिलं होतं, ते पुसायला लावलं. टेबलामागे नितीनला उभं केलं. अट एकच. जो कुणी विचारील, नापास का, त्याला त्यानं स्वतः, स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

पहिल्या दिवशी नितीनची मान वर होईना. गिऱ्हाईक विचारायचं, "काहून जी, नापास काहून?" तो पुटपुटायचा, "मिसळ हाय. दोन जातीची हाय." गिऱ्हाईक म्हणायचं, "कोनं मिसयली?" मग त्याला सांगावं लागायचं, "म्या."

लोकांनी त्याला फाडून खाल्लं नाही. एक रिटायर मास्तर म्हणाले, "किती विषयांत नापास?" एका बाईनं दाणे हातावर घेऊन सांगितलं, "माहा नवरा हिच्याहून जास्त वेळा नापास झाला, तरी वापरून राहिली ना मी? दे चार किलो." आठवड्यात ही डाळ अख्ख्या अकोल्यात गाजली. लोक खास रिक्षा करून यायला लागले. खोटं कबूल करणारा दुकानदार त्यांनी कधी पाहिला नव्हता. संघटनेत तक्रार आली की पास झालेल्या डाळीपेक्षा नापास जास्त खपते आहे. एका दुपारी शेठजी माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "म्याडम, हमारा भी एक लॉट फेल कर दो ना."

नितीन बदलला तो या दिवसांत. आधी पुटपुटायचा, मग साधं सांगायला लागला, मग लोकांना दोन्ही दाणे हातावर ठेवून फरक दाखवायला लागला. हा आपल्याकडचा, हा बाहेरचा. हा लवकर शिजतो, हा उशिरा. आयाबाया थांबून ऐकायच्या. काकाजी मात्र त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मिलमध्ये मागच्या दारानं जायचे. बापलेकांचं बोलणं कामापुरतं राहिलं होतं. काकू मला म्हणायच्या, "दोघंबी येकाच मातीचे. कोनं आधी बोलाव, याचीच वाट पाहून राहिले."

शेवटचं पोतं उघडलं त्या दिवशी मी फाटकाशी होते. सकाळचे अकरा असतील. रांगेत पाच-सहा माणसं. त्यांच्या मागं, हातात कापडी पिशवी घेऊन, काकाजी येऊन उभे राहिले. लोक त्यांना पुढं जाऊ देत होते, ते जाईनात. नितीननं पाहिलं, पण तो मापाकडे बघत राहिला. एकेक करत गिऱ्हाईक सरलं आणि काकाजींचा नंबर आला.

"काहून गा," ते म्हणाले, "नापास काहून हाय ही?"

नितीननं हे उत्तर त्या महिनाभरात शेकडो वेळा दिलं असेल. या वेळी त्यानं माप खाली ठेवलं.

"मिसयली होती," तो म्हणाला. "म्या मिसयली, बाबा."

"दोन किलो दे," काकाजी म्हणाले. "अन् बरोब्बर तोल. गिऱ्हाईक हावो मी."

त्यांनी पैसे दिले, पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "डाक्टरीनबाई, तुमी बी चाला जेवाले."

दुपारी काकूंनी त्याच डाळीचं वरण केलं. ताटं मांडली. नितीनही आला, हात धुऊन माझ्या शेजारी बसला. पहिला घास घेतला तेव्हा अर्धे दाणे विरघळले आणि अर्धे दाताखाली आले. काकू म्हणाल्या, "कशी शिजली वं ही?" आणि मग कुणाच्या तोंडाकडे न बघता त्यांनी तुपाची वाटी आणून ठेवली.

नितीननं ताट स्वच्छ केलं आणि आणखी भात घेतला, त्यावर आणखी वरण घेतलं. काकाजींनी तुपाची वाटी ओढली. मुलाच्या भातावर त्यांनी एक चमचा तूप सोडलं, थांबले, आणि आणखी एक सोडलं.